तळवडेकर सरांच्या वहीतला आकडा

तुमचं काम नेमकं काय, असं कोणी विचारलं की गुरुदत्त तळवडेकर सांगायचा, "संशय घेणं." समोरचा हसायचा. गुरुदत्त हसायचा नाही, कारण तो थट्टा करतच नसे. काचेवर आणि सिलिकॉनच्या चकत्यांवर डोळ्यांना दिसणारही नाहीत इतके पातळ थर चढवायचे, हा त्याचा धंदा. पस्तीस वर्षं त्याने तो केला. थरावर एवढासा डाग पडला की तो पाण्याला, हवेला, हातमोज्यांना, टेबल पुसायच्या फडक्याला एकेक करून पिंजऱ्यात उभं करायचा आणि शेवटी गुन्हेगार हुडकून काढायचाच. त्या कामात संशय नसलेला माणूस म्हणजे मीठ नसलेली आमटी, असं तो नव्या पोरांना सांगायचा.

ही विद्या त्याने डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या कारखान्यातच ठेवली असती तर कोणाची काही तक्रार नव्हती. पण तो ती जेवणाच्या डब्यासारखी रोज घरी परत आणायचा. दूधवाला पाणी घालतो, इस्त्रीवाला आपले शर्ट घालून मिरवतो, सोसायटीचा सेक्रेटरी टाकीच्या दुरुस्तीत हात मारतो. पुरावा विचारला तर म्हणायचा, "मिळेल." बायको मंदाकिनी एकदा कंटाळून म्हणाली, "लग्नाआधी माझी चार ठिकाणी चौकशी केली होतीत. अजून रिपोर्ट आला नाही वाटतं?"

माणूस जन्मतः असा नव्हता. बी.एस्सी. करून १९८९ साली ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये एका भिंगांच्या कारखान्यात लागला तेव्हा अगदी भोळा सांब होता. तिथे तो काच घासायला शिकला. घासलेल्या काचेवर दुसरी सपाट काच ठेवून पिवळ्या दिव्याखाली धरायची. काळे पट्टे सरळ दिसले तर काच सपाट, वाकडे दिसले तर पुन्हा घासायची. सहा महिन्यांत त्याला पट्टे न बघता, नुसत्या बोटांना कळायला लागलं. मग तो कोटिंगच्या विभागात गेला. तिथे भिंगं धातूच्या चिमट्यात धरत आणि चिमट्यापाशी हमखास चरा पडे. गुरुदत्तने प्रेशर कुकरची जुनी रिंग कापून चिमट्याला आतून लावली. चरे थांबले. हा त्याचा पहिला शोध. रत्नदीप नावाचा त्याचा सिनियर होता, जिवलग म्हणावा असा. दोघं एकाच डब्यात जेवायचे. रत्नदीपने ती युक्ती थोडी सजवली, दुसऱ्या कंपनीत मोठ्या पगारावर गेला आणि वर्षभरात एका प्रदर्शनात तिच्याबद्दल बक्षीस घेताना त्याचा फोटो छापून आला. फोटोत कुकरची रिंग स्पष्ट दिसत होती. त्या दिवशी गुरुदत्त जेवला नाही, आणि त्यानंतर कोणाबरोबर एका डब्यात तर कधीच जेवला नाही.

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. हा तर पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागला.

पुढे त्याला कमलेश भोईर भेटला. कमलेश डोंबिवलीजवळच्याच गावातला, आगरी. घरची शेती इमारतींत गेली आणि हातात पैसा आला. भाऊबंद मंगल कार्यालयं काढत होते, तर हा म्हणाला, लग्नं बारा महिने नसतात, मी कारखाना काढतो. त्याला यंत्रातलं फारसं कळत नव्हतं, पण कोणाला कळतं ते कळत होतं. त्याने गुरुदत्तला वागळे इस्टेटमधून उचलून आणलं आणि सगळा कारखाना त्याच्या हाती दिला. तिथे दोघांनी भिंगं सोडून सिलिकॉनची कामं धरली. उडदाच्या पापडाहून पातळ, आरशासारखी चकती; तिला वेफर म्हणतात. तिच्यावर चाळीस थर चढवले की ती ठरावीक रंगाचाच उजेड आत घेते. मग तिचे तिळाएवढे तुकडे करायचे आणि ते बोटाला लावून ऑक्सिजन मोजायच्या यंत्रात जातात.

अडचण एकच होती. थर आज छान बसायचे आणि तीन दिवसांनी कडेने सुटायचे. डोंबिवलीची हवा ओली, दमट. गुरुदत्तने संशयितांची मोठी यादी केली आणि वर्षभर एकेकाला तपासलं. अखेर ओलाव्याने कबुली दिली. थर चढवण्याआधी चकती ओव्हनमध्ये नेमक्या उष्णतेवर भाजायची, झाकून सावकाश निवू द्यायची आणि मगच कोटिंगला घालायची, ही त्याची रीत ठरली. कमी भाजली तर आत ओलावा राहतो, जास्त भाजली तर खालचा रंग उडतो. ओव्हन जुना होता, तबकडीवरचे आकडे पुसून गेलेले. बरोबर जागा सापडली तेव्हा गुरुदत्तने मंदाकिनीच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका तबकडीवर दिला. काटा ठिपक्यावर आणला की काम झालं. आकडा किती, हे त्याला कधी बघावं लागलं नाही.

कृतिका मढवी २०१८ मध्ये कामाला लागली. मोहन्याची मुलगी, वडील काळुराम तिथल्या रेयॉनच्या कंपनीत होते. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, कमी बोलणारी, आणि हात असा स्थिर की गुरुदत्तने पहिल्याच आठवड्यात तिला चिमटा धरायला दिला. चार वाक्यांत जे सांगायचं ते तिला एका वाक्यात कळे. गुरुदत्तला तिचा अभिमान वाटे आणि म्हणूनच तो तिच्यावर जास्त नजर ठेवी. ठोंब्या माणूस काय चोरणार?

करोनाच्या काळात बोटाच्या यंत्रांना अशी मागणी आली की कमलेश शेठने नवा डिजिटल ओव्हन घेतला. गुरुदत्तचं तेव्हाच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. क्लीनरूमचं, म्हणजे थर चढवायच्या धूळमुक्त खोलीतलं काम त्याने कृतिकावर सोपवलं. ओव्हन बदलला त्या दिवशी ती त्याच्या केबिनमध्ये आली.

"सर, एक विचारायचं होतं. वहीतला आकडा आणि आपल्या लाल ठिपक्याचा..."

"ठिपक्याशी तुला काय करायचंय?" गुरुदत्तने मान वर केली. "कोणी विचारायला सांगितलं?"

"कोणी नाही सर. नव्या ओव्हनला सेट करायचाय ना."

"वही कशाला ठेवलीय मग? ठिपका-बिपका बाहेर कोणाला बोलायचं नाही."

ती बरं म्हणून गेली. गुरुदत्तने मनात टिपून ठेवलं की पोरगी ठिपक्याची चौकशी करते.

तीन वर्षं उत्तम गेली. एकही थर सुटला नाही. मग बेंगळुरूची एक मोठी पार्टी आली. तिला ही रीत कायमची हवी होती, पण दोन अटींवर. लागोपाठ तीन लॉट त्यांच्या माणसासमोर पास झाले पाहिजेत आणि रीतीचं पेटंट झालेलं असलं पाहिजे. ठाण्याच्या वकिलाने फॉर्म पाठवला. त्यात एक रकाना होता, शोधकर्त्याचं नाव. कमलेश शेठ म्हणाला, "सर, इथं तुमचंच नाव. दुसऱ्या कोणाचं येणार?" गुरुदत्तला दोन वर्षांत रिटायर व्हायचं होतं. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा त्याचं नाव कशावर तरी छापून येणार होतं. त्याने तो कागद घरी नेला, मंदाकिनीला दाखवला आणि कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवला.

आणि त्याच आठवड्यापासून त्याला भीती वाटायला लागली. मिळणार म्हटल्यावर माणूस जास्त भितो.

कृतिका हल्ली मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीपाशी जाऊन फोनवर बोलायची. पूर्वी ती सगळ्यांसमोर बोलायची. एकदा त्याने तिला वहीच्या पानाचा फोटो काढताना पाहिलं. वागळे इस्टेटमध्ये तो काच कापून आणायला गेला होता, तर एका ऑप्टिक्स कंपनीच्या गेटमधून ती बाहेर पडताना दिसली, हातात फाईल. तो पानाच्या टपरीमागे उभा राहिला. ती रिक्षात बसून गेली तरी बराच वेळ तिथेच उभा होता. त्याला कुकरची रिंग आठवत होती.

मग मनात एकाला एक जोडत गेलं. कमलेश आगरी, कृतिका आगरी. आपण तळवडेकर, कोकणातून आलेले, कितीही वर्षं राहिलो तरी उपरे. शेठ तोंडावर गोड बोलतो, आणि रकान्यात ऐन वेळी मढवी हे नाव घालायचं ठरलं असेल तर? मंदाकिनीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "एवढीच शंका असेल तर शेठना जाऊन विचारा. मला का छळताय?" पण संशयी माणूस विचारत नाही, तो तपासतो. त्याने नव्या ओव्हनची तीन वर्षांची नोंद संगणकावरून छापून घेतली आणि वहीशी ताडून पाहिली.

वहीत लिहिलं होतं, अठ्ठ्याण्णव अंश. खाली त्याची सही, त्याचं वळणदार अक्षर. ओव्हनची नोंद सांगत होती, एकशे बारा. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, तीन वर्षं रोज एकशे बारा. आणि रोजच्या कागदावर कृतिकाची सही, 'वहीप्रमाणे'.

गुरुदत्तने दोन्ही कागद पुन्हा एकदा ताडून पाहिले. खरं सांगायचं तर त्यात थोडा आनंदही होता. पुरावा मिळाला होता.

"शेठ, ही कृतिका माझी रीत बदलतेय," तो कमलेशच्या केबिनमध्ये म्हणाला. "उद्या सांगेल, ही रीत माझी; तळवडेकरांची अठ्ठ्याण्णवची होती, माझी एकशे बाराची. बाहेर जाऊन हेच विकणार. मी तिला वागळेत पाहिलंय."

कमलेशने कृतिकाला बोलावलं. समोर वही होती, नोंद होती. "काय गं, हे काय हाय? वहीपरमाने का नाय करत?"

कृतिकाने गुरुदत्तकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "चुकलं शेठ. उद्यापासून वहीप्रमाणे करते."

गुरुदत्तला त्या पाहण्याचा अर्थ लागला तो असा, की सापडल्यावर चोर असंच पाहतो.

दुसऱ्या दिवसापासून अठ्ठ्याण्णव. पहिला लॉट बेंगळुरूच्या माणसासमोर निघाला. चकत्या निळ्या-जांभळ्या, मोरपिसासारख्या. थरावर चिकटपट्टी लावून झटकन ओढायची, थर पट्टीला येता कामा नये, ही परीक्षा. पहिल्या दिवशी थर हलला नाही. तिसऱ्या दिवशी तीच पट्टी ओढली तर कडेचा थर कांद्याच्या सालासारखा निघून आला. दुसरा लॉटही तसाच. पहिल्या दिवशी पास, तिसऱ्या दिवशी नापास.

गुरुदत्तने ओळखलं की हा मधल्या दोन दिवसांतला उद्योग आहे. चकत्या कपाटात असतात, कपाटाची एक किल्ली कृतिकाकडे. ती सूड घेतेय. त्याने तिची किल्ली काढून घेतली. संध्याकाळी जाताना तिची पर्स तपासायला वॉचमनला सांगितलं आणि स्वतः खिडकीतून बघत राहिला. पर्समध्ये डबा, छत्री आणि आंबिवलीचा लोकलचा पास निघाला. ती पर्स मिटून चालायला लागली, तेव्हा वॉचमननेच मान खाली घातली.

"तिला काढा, नाहीतर मी जातो," गुरुदत्तने शेठला सांगितलं. पेटंट आणि पार्टी दोन्ही गुरुदत्तच्या हातात असताना शेठ दुसरं काय करणार? परवानगीशिवाय प्रक्रिया बदलली, असं कारण लिहून कृतिकाला घरी बसवलं. आसपासच्या लॅबमध्ये ही बातमी पोचायला दोन दिवस लागले.

बेंगळुरूच्या माणसाने एक शेवटची संधी दिली. तिसरा लॉट गुरुदत्तने स्वतः करायचा ठरवला. तीन वर्षांनी त्याने क्लीनरूमचा पांढरा पोशाख चढवला, टोपी घातली, मास्क लावला. नवा ओव्हन त्याने कधी स्वतः चालवला नव्हता. समोर वही उघडून ठेवली आणि पाहुण्यादेखत, आयुष्यात पहिल्यांदा, स्वतःची वही वाचून काम केलं. नऊ, आठ. बटण दाबलं. चकत्या झाकून निववल्या, कोटिंगला घातल्या, कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यातल्या जानव्याला बांधली. तीन दिवस ती किल्ली आंघोळीलाही उतरली नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याने पट्टी लावली आणि ओढली. कडा निघून आल्या.

त्याने दुसरी चकती घेतली. तिसरी घेतली. पंचवीसच्या पंचवीस. मदतनिसाला बाहेर पाठवून तो स्टुलावर बसून राहिला. कृतिका घरी होती. कुलूप शाबूत होतं. किल्ली छातीवर होती. पाणी तेच, हवा तीच, हातमोजे नवे. यादीतलं एकेक नाव खोडत तो अशा जागी आला जिथे एकच नाव उरलं होतं, आणि ते नाव कधी यादीत घालावं असं त्याच्या मनातही आलं नव्हतं. आयुष्यभर त्याने सगळ्या जगावर संशय घेतला, पण स्वतःच्या अक्षरावर घेतला नाही.

भंगाराच्या खोलीत जुना ओव्हन धूळ खात पडला होता. गुरुदत्तने तो पुसला, वायर जोडली, काटा लाल ठिपक्यावर आणला आणि आत थर्मामीटर घालून पाऊण तास समोर उभा राहिला. पारा शंभरावर गेला, आणखी वर चढला आणि एकशे बारावर थांबला.

तेव्हा त्याला सगळं आठवलं. २०१३ साल. सर्टिफिकेटसाठी तपासणी येणार होती आणि प्रत्येक रीत वहीत लिहा, असा हुकूम होता. त्या रात्रभर त्याला रत्नदीपचा फोटो डोळ्यांसमोर दिसत होता. उघड्या वहीत खरा आकडा लिहायचा म्हणजे घराला कुलूप लावून किल्ली पायरीवर ठेवायची. ठिपका शंभराच्या वर कुठेतरी आहे एवढं त्याला माहीत होतं. त्याने मुद्दाम अठ्ठ्याण्णव लिहिलं. पाणी शंभराला उकळतं. त्याच्या खाली भाजलं तर ओलावा थोडा राहतोच. चोराचं काम पहिल्या दिवशी छान दिसेल आणि तिसऱ्या दिवशी सोलून निघेल, गिऱ्हाइकासमोर. काय खूश झाला होता तेव्हा स्वतःवर! आणि मग रोज ठिपका बघून काम करता करता वहीतला आकडा खोटा आहे, हेच तो साफ विसरून गेला.

त्याची आई तळवड्याच्या घरी असंच करायची. तिच्या मसाल्याची मालवण-सावंतवाडीपर्यंत कीर्ती. शेजारणींनी कृती मागितली की नाही म्हणायची नाही, सगळं सांगायची, प्रमाणासकट, फक्त एक जिन्नस गाळायची. कधी दगडफूल, कधी त्रिफळं. गावातल्या सगळ्याच बायका तसं करायच्या आणि सगळ्यांना ते ठाऊक असायचं, त्यामुळे कोणी कोणावर रागवायचं नाही. पण म्हणून एखाद्या बाईचं कालवण बिघडलं तर तिच्यावर चोरीचा आळ कोणी घेत नसे.

घरी येऊन त्याने मंदाकिनीला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"आणि त्या पोरीला चोर ठरवलंत."

"हो."

"चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे चोरच नव्हता." तिने ताट बाजूला सारलं. "मग अजून इथे कशाला बसलात?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आंबिवलीला उतरला आणि रिक्षाने मोहन्याला गेला. काळुराम मढवी दारातच बसले होते. "या सर," ते म्हणाले, पण उठले नाहीत. "पोरीनं चार दिस नीट जेवान केलं नाय. बसा. पानी आन गं."

कृतिका पाणी घेऊन आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. गुरुदत्त पाणी प्यायला नाही. पेला हातात धरूनच त्याने सांगून टाकलं, वहीतला आकडा खोटा होता, मीच लिहिला होता, विसरलो होतो. ठिपका एकशे बाराचा आहे.

"माहितीये सर," कृतिका म्हणाली. "नवा ओव्हन आला तेव्हाच मी जुन्यात थर्मामीटर घालून बघितलेलं. तेच विचारायला आलेले तुमच्याकडे."

"मग शेठसमोर का नाही बोललीस?"

"काय बोलू? तुमची सही आहे खाली. मला वाटलं तुम्हाला माहितीये." ती पहिल्यांदा थेट त्याच्याकडे बघून बोलली. "मला वाटलं तुम्ही मुद्दाम करताय. पेटंट तुमच्या नावावर व्हायच्या आधी मला घालवायला. खोटा आकडा दाखवून मला त्याच्यावर काम करायला लावायचं, मग माल खराब झाला की माझ्यावर ढकलायचं. म्हणून फोटो काढून ठेवला वहीचा. उद्या कोणी विचारलं तर दाखवायला."

गुरुदत्त तिच्यामागे लागला होता, तेव्हा ती त्याच्यापासून स्वतःला वाचवत होती. त्याला लाज वाटली. त्याने पेला खाली ठेवला.

"आणि वागळेत?"

"इंटरव्ह्यू होता. टाकीपाशी फोनपण त्यांचेच. तुमच्या नजरेखाली काम करून कंटाळलेले मी. त्यांनी घेतलेलं मला. पण आपल्या ऑफिसात फोन करून विचारलं, आणि ऑफिसने सांगितलं, प्रोसेस बदलली म्हणून काढलीय. आता ते फोन उचलत नाहीत."

"मी काय करू ते सांग."

"लिहून द्या."

तिने आतून फुलस्केप कागद आणला. गुरुदत्तने लिहिलं. वहीतला अठ्ठ्याण्णवचा आकडा खोटा असून तो मी जाणूनबुजून लिहिला. कृतिका काळुराम मढवी यांनी खरा आकडा स्वतः मोजून काढला व तीन वर्षं माल त्यामुळेच चांगला निघाला. त्यांचा काही दोष नाही. सही केली. लिहिताना त्याला कळत होतं की हा कागद बाहेर गेला की बेंगळुरूची पार्टी खोटी वही ठेवणाऱ्या कारखान्याकडे फिरकणार नाही, आणि साड्यांच्या घडीखालचा फॉर्म रद्दीत जाईल.

कृतिकाने कागद दोनदा वाचला. "तारीख राहिली. आणि बाबा, तुम्ही साक्षीदार म्हणून सही करा." काळुरामांनी सावकाश, अक्षर अक्षर करून सही केली. "आता अजून एक प्रत लिहा सर."

"एक पुरे ना? माझ्यावर विश्वास..." गुरुदत्त बोलता बोलता थांबला.

त्याने दुसरी प्रत लिहिली. ती म्हणाली, "शेठना माझ्यासमोर फोन लावा. स्पीकरवर." त्याने लावला. कमलेश शेठने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सर, हे बाहेर गेलं तर पार्टी जाईल. तुमचं पेटंट पण जाईल. परत इचार करा."

"जाऊ दे," गुरुदत्त म्हणाला.

"वागळेवाल्यांना मी फोन करू मग? पोरीबद्दल?"

"आत्ता करा. आणि मला पण लाइनवर घ्या."

काम अर्ध्या तासात झालं. वागळेच्या कंपनीने सोमवारपासून यायला सांगितलं. काळुराम आत जाऊन चहा घेऊन आले. या वेळी त्यांनी स्वतः गुरुदत्तच्या हातात कप दिला. निघताना गुरुदत्त दारात घुटमळला. कृतिका रस्त्यापर्यंत आली.

"कृतिका, तू परत आलीस तर... क्लीनरूम सगळी तुझी. मी आत पाऊलसुद्धा ठेवणार नाही. पेटंट पुन्हा करू, तुझ्या नावाने. आकडा तूच मोजलास, मी नुसता ठिपका लावला होता."

कृतिका हसली नाही आणि रागावलीही नाही. तिने दोन्ही प्रती घडी करून ओढणीत धरल्या होत्या.

"नको सर. मी आले तर रोज घरी जाताना बघत बसेन, तुम्ही वहीत काय लिहिलंय, खरं की खोटं. तुम्ही चांगलं वागलात तरी बघेन. सगळं तुमच्याकडूनच शिकले मी. पण हे नाही शिकायचंय मला."

गुरुदत्तने मान हलवली. समोरून रिक्षा आली आणि तिनेच हात करून ती थांबवली.